पिशवीतला कागद

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मघाशी वीज गेली तरी जागचं न हललेल्या मंडळींनो,

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘वैज्ञानिक परिषदांचा इतिहास आणि त्यांचं सांस्कृतिक महत्त्व’. भारदस्त आहे. मी दिलेला नाही. मी फोनवर ‘पिशवी’ एवढंच सांगितलं होतं. चिटणीसांना वाटलं, मागच्या वेळी मी इथे पिशवी विसरलो. शोधली म्हणे त्यांनी.

अडतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. परिषदेहून परतलं की स्टाफरूममध्ये ‘काय ऐकलंस?’ असं कोणी विचारत नसे. ‘बॅग कशी होती?’ हा प्रश्न. नोंदणीचे पैसे भरले की गळ्यात अडकवायचं कार्ड, जेवणाची कुपनं आणि ती बॅग मिळते. १९८६ साली मी अशाच एका मोठ्या परिषदेला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, जावई तिथला आहे. रात्रभर पॅसेंजरनं उभ्यानं गेलो, सकाळी आठला रांगेत लागलो, आणि माझा नंबर आला तेव्हा बॅगा संपल्या. टेबलावरचा मुलगा गरीब. म्हणाला, ‘‘सर, निबंधांच्या सारांशांचं पुस्तक आहे, ते देऊ?’’ मी काय म्हणालो असेन? ‘‘पुस्तक घेऊन काय करू, बॅग द्या!’’ हे मी म्हणालो. वर्गात पोरांना ग्रंथांचं महत्त्व सांगणारा मी.

तिसऱ्या दिवशी मिळाली एकदाची. बदामी रेक्झिनची. चेन संध्याकाळपर्यंत टिकली. त्याच दिवशी माझा निबंध होता, दुपारी अडीचला, म्हणजे श्रीखंडानंतर. दहा मिनिटं दिलेली, त्यांतली सात आधीच्या दोघांनी खाल्ली. मी प्रोजेक्टरच्या काचेवर पहिली ट्रान्सपरन्सी ठेवली, तीही उलटी, तोच अध्यक्षांनी घंटी वाजवली. समोर अकरा जण. चार पुढच्या वक्त्याचे विद्यार्थी, दोघे घोरत होते, आणि एक पंखा दुरुस्त करायला आलेला. त्यानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं हो.

पुढे ती बॅग आमच्याकडे भाजीला लागली. पाचेक वर्षांनी मंडळींनी मेथी काढताना आतल्या कप्प्यातून सायक्लोस्टाइल केलेली चार पानं बाहेर काढली. ‘‘हे ठेवायचंय की टाकायचं?’’ वाचली. मी ज्या अडचणीवर चार वर्षं डोकं फोडलं होतं, तिचं उत्तर त्यात मातीच्या डागांसकट होतं. कुणीतरी सगळ्यांच्या बॅगांत ते घातलं होतं. आम्ही बॅगेसाठी भांडलो.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. घंटी तरी नाही.)

बरं, मग मुद्दा. १८६० साली रसायनशास्त्रात अशी अनागोंदी होती की पाण्याचं सूत्र कुणी एचटूओ लिही, कुणी नुसतं एचओ. कार्बनचा अणुभार कुणाकडे बारा, कुणाकडे सहा. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडची एकोणीस सूत्रं केकुले या जर्मन रसायनज्ञानं आपल्या पुस्तकात छापली. एका पदार्थाची एकोणीस! त्याच्याच पुढाकारानं सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहला सव्वाशेहून जास्त रसायनज्ञ जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तीन दिवस वाद झाला. इटलीचा कानिझारो तळमळून सांगत होता, की आपल्या ॲव्होगाद्रोनं १८११ सालीच वाट दाखवलीय, अणू वेगळा, रेणू वेगळा, एवढं मान्य करा. ऐकलं, पण मान्य कुणी केलं नाही. शास्त्राचे प्रश्न मतं टाकून सुटत नाहीत, असं म्हणून मंडळी उठली.

उठता उठता कानिझारोचा मित्र पावेसी यानं कानिझारोच्याच एका जुन्या लेखाच्या प्रती वाटल्या. अणुभार नीट कसे काढायचे, ते त्यात होतं. लोथार मायर या जर्मन रसायनज्ञानं आपली प्रत खिशात घातली. वाटेत वाचायला म्हणून. घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरचे पडदे गळून पडले, असं त्यानंच पुढे लिहिलंय. त्याच सभेत रशियाचा सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्ह बसला होता. त्यानं सगळी हकीकत आपल्या गुरुजींना पत्रानं पीटर्सबर्गला कळवली. अणुभार बरोबर लागल्याशिवाय मूलद्रव्यं ओळीत कशी लावणार? १८६९ साली त्याची आवर्तसारणी आली. मायरही त्याच वाटेवर होता. शाळेच्या भिंतीवरच्या त्या तक्त्यामागे वाटलेला कागद आहे, मंडळी.

आता भराभर. १९२७, ब्रुसेल्स, भौतिकशास्त्रज्ञांची सॉल्व्हे परिषद. तो एकोणतीस जणांचा फोटो तुम्ही पाहिलाय, मारी क्यूरी पहिल्या रांगेत. अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या नव्या क्वांटम सिद्धान्तावर आइन्स्टाइन हॉटेलात न्याहारीला शंका काढायचा, त्या सिद्धान्ताचा कैवारी बोर रात्रीच्या जेवणापर्यंत उत्तर शोधायचा. आपल्याकडे इंडियन सायन्स काँग्रेस, जानेवारी १९१४, कलकत्ता. एकशेपाच माणसं, पस्तीस निबंध, अध्यक्ष आशुतोष मुखर्जी, गणिती आणि हायकोर्टाचे न्यायाधीश. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद, तिची अधिवेशनं, मराठीत शास्त्र बोलायची सवय... सांस्कृतिक महत्त्व म्हणतात ते इथेच खरं, आणि यावर तासभर...

हो, हो, थांबतो. मागच्या बाकावर कानिझारोचं म्हणणं मराठीत करून ठेवलंय. चार पानं, झेरॉक्स माझ्या खर्चानं. जाताना एकेक घ्या. पिशवीत टाकलीत तर वर मेथी ठेवू नका.