जागरणाला रात्र द्या

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडमार्गे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर जेजुरी येते. भंडाऱ्यानं पिवळा झालेला गड, दीपमाळा, अंगणातलं पितळी कासव आपण सगळ्यांनीच पाहिलंय. होळकरांनी करवलेलं तिथलं दगडी काम तर डोळे भरून पाहावं असंच आहे. आज मात्र मला बोलायचंय ते आपल्या दारात येणाऱ्या जेजुरीविषयी, जागरणाविषयी.

खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्या घरी लग्नानंतर जागरण घालतात. उसाचा नाहीतर ज्वारीच्या ताटांचा चौक उभा राहतो, घट बसतो, दिवटी पेटते. देवाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळीचं, म्हणजे वाघ्याची डिमडी, मुरळीचा घोळ आणि तुणतुणं एकदा जुळलं की देवांना आवतण जातं. मोरगावचा गणपती, तुळजापूरची भवानी, पालीचा खंडोबा, सगळ्यांना. मग कथा लागते.

त्यातली बानूची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, देवाची पहिली राणी. बानू चंदनपुरीच्या धनगराची. तिच्यासाठी मल्हारीराया गड सोडतो, रूप पालटतो आणि धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढरं राखतो, वाडा झाडतो. बानू घरी आल्यावर सवतींची जी भांडणं होतात, ती ऐकताना बायाबापड्या खळखळून हसतात, कारण त्यात त्यांचंच घर असतं. जेजुरीला म्हाळसा वर देवापाशी आणि बानाईचं देऊळ गडाच्या मध्यावर, असं का, ते या कथेत कळतं. वाणी, धनगर, कोळी, मराठा, ब्राह्मण सगळ्यांचा हा देव. मुसलमान भक्तही त्याला मल्लूखान म्हणत आले.

या परंपरेला एक जखम आहे आणि ती झाकून चालणार नाही. नवस फेडायला लेकी मुरळी म्हणून देवाला वाहिल्या जात, त्यांचं आयुष्य नासवलं जाई. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढलं आणि या चालीवर कोरडे ओढले. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला. ती चाल गेलीच पाहिजे होती. गाणं मात्र राहायला हवं, आणि ते गाणाऱ्या बाईला मानही मिळायला हवा.

हल्ली शहरात जागरण दोन तासांत उरकतात. हॉल अकराला रिकामा करायचा असतो, पाहुण्यांना गाडी गाठायची असते. आवतण होतं, तळी उचलली जाते, ‘सदानंदाचा येळकोट’ होतो आणि बानू चंदनपुरीतच राहते. श्रोतेहो, पुढच्या वेळी सुपारी देताना वाघ्या-मुरळीच्या पार्टीला आधीच सांगून ठेवा, की आम्हाला बानूची कथा पुरी ऐकायची आहे. रात्रभराची बिदागी ठरवा, त्यांच्या जेवणाची आणि पहाटेच्या चहाची सोय करा. घरातल्या पोरांना पुढच्या रांगेत बसवा.