ताऱ्यांचा धावदोरा

नमस्कार श्रोतेहो. मधोमध एक ठिपका आणि त्याच्याभोवती ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या शेकडो बारीक रेघा, असा रात्रीच्या आकाशाचा फोटो तुम्ही कधीतरी पाहिला असेल. त्या रेघा ताऱ्यांच्या असल्या तरी त्या काढते पृथ्वी. तिची स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. म्हणजे तासाला साधारण १५ अंश. मधला ठिपका ध्रुवाचा. त्याला आपण अढळ म्हणतो खरं, पण तोही नेमक्या केंद्रापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे. फोटो मोठा करून बघा, त्याचीही इवलीशी कमान दिसते.

फिल्मच्या काळात शटर उघडायचं आणि तासन्‌तास उघडंच ठेवायचं. डिजिटल कॅमेऱ्यात तसं केलं तर सेन्सर तापतो, फोटोभर रंगीत ठिपके उठतात आणि आकाश पांढुरकं होतं. म्हणून इथे तीस-तीस सेकंदांचे फोटो काढायचे, एकामागून एक. दोन तासांत दोनशेच्या वर होतात. मग सॉफ्टवेअर ते एकावर एक ठेवतं आणि प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा राखतं. त्यामुळे आकाश एका फोटोइतकंच काळं राहतं आणि ताऱ्याची रेघ मात्र लांबत जाते.

आता एक गंमत. वेळ दुप्पट केली तर रेघ लांब होते, उजळ होत नाही, कारण तारा तोवर सेन्सरच्या पुढच्या ठिपक्यावर सरकलेला असतो. उजळपणा हवा तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, जास्त उघडा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा. एफ २.८ आणि आयएसओ ८०० पासून सुरुवात करून बघा.

ऑटोफोकस अंधारात हात टेकतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नका. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून, तो अगदी बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची आणि वर चिकटपट्टी लावून टाकायची.

माझ्या पहिल्या प्रयत्नाचं सांगतो. अख्खी रात्र जागलो, सकाळी फोटो जोडले, तर आकाशभर धावदोरा! टाका, मोकळी जागा, टाका, मोकळी जागा, आणि दोन्ही अगदी सारख्या लांबीचे. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू राहिलं होतं. ते प्रत्येक फोटोनंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेतं आणि त्यावरून रंगीत ठिपके पुसतं. तीस सेकंद चित्र, तीस सेकंद अंधार. तारे काही थांबत नाहीत. हे बंदच हवं, आणि दोन फोटोंतलं अंतर एखाद्या सेकंदापलीकडे जाऊ देऊ नका.

कॅमेरा ध्रुवाकडेच रोखला पाहिजे असं नाही, मला तर मृग जास्त आवडतो. त्याच्या बाणाचे तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेजवळ आहेत, त्यामुळे त्यांच्या रेघा जवळजवळ सरळ येतात आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींकडे पाठ करून वाकतात. रंगही इथेच कळतात. नुसत्या डोळ्यांना ठळक तारे बरेचसे पांढरेच वाटतात, पण रेघेत मृगातली काक्षी ही तारका नारिंगी उतरते आणि राजन्य हा तारा निळसर.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी, थंडीत ती लवकर संपते. लेन्सवर दव धरतं, म्हणून अधूनमधून टॉर्च तिरका धरून काच बघायची. तेही दोन फोटोंच्या फटीत, नाहीतर तो उजेड चित्रात येतो.

आणि शेवटचा फोटो झाला की लगेच आवरू नका. लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा फोटो घ्या, काळे कुट्ट. सॉफ्टवेअर त्यांच्यावरून रंगीत ठिपके वजा करतं. माझा कॅमेरा त्या रात्री प्रत्येक फोटोनंतर हेच काम करत बसला होता.