खड्ड्याचा तळ

(पहाट. पडदाभर धुकं. फक्त आवाज.)

रिकाम्या घागरीच्या तोंडावर कुणी फुंकर मारावी, तसा हा आवाज. थांबा... पुन्हा आला.

हा बिटर्न पक्षी. आपल्या ढोकरीचा भाऊबंद, पण अंगानं थोराड आणि भलता लाजाळू. चोच आभाळाकडे करून काड्यांत उभा राहिला, की समोर असूनही दिसत नाही. म्हणून त्याची मोजदाद डोळ्यांनी नाही, कानांनी करतात. घुमणारे नर मोजायचे. १९९७ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये ते भरले अवघे ११.

(धुकं विरळ होतं. बोरूचं रान, मागे नदी.)

इंग्लंडमधलं केंब्रिजशायर. ही ग्रेट ऊझ नदी. काठावर दिसतो तो बोरू, ज्याच्या लेखण्या आपल्याकडे करत त्याच जातकुळीतला. आणि त्याच्या मुळांखाली आहे वाळू-गोट्यांची खाण. नीडिंगवर्थची.

गंमत म्हणजे हा मुलूख मुळात पाणथळच. सतराव्या शतकात व्हर्माउडेन नावाच्या डच अभियंत्यानं इथून जवळच, इरिथपासून, सरळसोट कालवे खणले आणि दलदलीचं पाणी समुद्राकडे काढून दिलं. शेती पिकली. पण सुकलेली काळी माती आकसत, खचत गेली. साडेतीनशे वर्षांनी तिथे पुन्हा पाणी आलं, ते खाणवाल्यांमुळे.

हॅन्सन कंपनी आणि आरएसपीबी ही पक्षिसंवर्धन संस्था यांच्यात ठरलं ते असं: सुमारे ३० वर्षांत २ कोटी ८० लाख टन वाळू-गोटे निघतील, आणि मागे उरेल ७०० हेक्टरांची पाणथळ जागा. त्यातला ४६० हेक्टर नुसता बोरू.

(बुलडोझर. ओली माती पसरली जाते आहे.)

खरी मेख आहे खड्ड्याच्या तळाशी. नदीकाठची खाण तशीच सोडून दिली, तर भूजल चढतं आणि खोल तळं तयार होतं. दिसायला छान. बोरूला मात्र निरुपयोगी, कारण त्याला लागतं उथळ पाणी, गुडघ्याच्याही खाली. म्हणून गोटे काढून झालेल्या तुकड्यात खणताना वरून काढून बाजूला ठेवलेली माती परत भरायची, सपाट करायची, भोवती चिकणमातीचे बांध घालायचे आणि मगच पाणी सोडायचं. पातळी राखायला दारं. मधून खोल चर, कारण बिटर्नला मासे हवेत, वाम हवी. हे सगळं खणण्याआधी नकाशावर ठरलेलं असतं. खाण एकेक तुकडा पुढे सरकते. बोरू तिच्या मागोमाग येतो.

अशा जागांना 'निसर्गानं परत मिळवलेली जमीन' म्हणायची पद्धत आहे. आपण तसं नको म्हणू या. इथे बुलडोझरवाल्याचा हात फार मोठा आहे.

(चिखलात वाकलेली माणसं.)

आणि या स्वयंसेवकांचा. एकेक रोप हातानं. कोवळा बोरू कलहंसांना फार आवडतो, तेव्हा राखणही आलीच.

पण इतका खटाटोप इथेच का? बिटर्नची जुनी घरटी बरीचशी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. समुद्र चढतो आहे. खारं पाणी गोड्या पाण्यातल्या बोरूत शिरलं, तर ती घरं गेली. आतल्या मुलखात पर्याय हवा होता. आज देशभरात घुमणारे नर दोनशेच्या वर गेलेत. त्यातले काही इथले.

(दलदली भोवत्या बोरूवरून तरंगत जातो.)

हा दलदली भोवत्या, शिकारी पक्षी. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावरही दिसतात.

(हिवाळा. कापलेल्या बोरूचे भारे.)

काम लावणीनंतर संपत नाही. वाळलेली पानं साठत जातात, तळ उंचावतो, त्यावर विलोची झाडं उगवतात आणि दलदलीची बघता बघता झाडी होते. म्हणून दर हिवाळ्यात एक तुकडा कापायचा. यंदा हा. पुढच्या वर्षी बांधापलीकडचा.

(आवाज. एकदाच.)