मोटार थांबलेली, आकडा मात्र पळतोय

[दृश्य: यंत्राचा पडदा अगदी जवळून. स्थितीचा आकडा. मग मोटारीच्या शाफ्टवरची खडूची खूण.]

मोटार थांबलेली आहे. शाफ्टवर खडूनं केलेली खूण जागची हललेली नाही. पडद्यावरचा आकडा मात्र एकेक घर पुढे सरकतोय. ड्राइव्ह म्हणजे मोटारीला पुरवठा देऊन तिचा वेग ठरवणारा डबा. त्याचं एनेबल, म्हणजे चालायची परवानगी, काढलं की आकडा जागीच थांबतो. एनेबल दिलं की पुन्हा पळायला लागतो.

अशा वेळी आधी एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर, बदलला जातो. मग केबल, मग कार्ड, आणि शेवटी पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकावर, संशय. त्याची गरज नसते. एनेबल काढून-देऊन पाहण्याच्या एवढ्याशा चाचणीनं निम्मा शोध लागलेला असतो. ड्राइव्ह काहीतरी बाहेर टाकतोय आणि ते एन्कोडरच्या तारांत शिरतंय. यालाच नॉइज म्हणतात. ते कुठून निघतं आणि कुठल्या वाटेनं जातं, एवढंच आता शोधायचं.

[दृश्य: ड्राइव्हच्या आतलं रेखाचित्र.]

४१५ व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा ड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथं त्याचा सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी होतो. हा डीसी आयजीबीटी, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. साधारण २ ते १६ किलोहर्ट्झच्या दरम्यान. त्यातूनच मोटारीला हव्या त्या वेगाचा पुरवठा मिळतो. हे तोडणं-जोडणं किती वेळा होतं, याहीपेक्षा ते किती झटकन होतं, याला नॉइजच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे. शून्यापासून ५८५ व्होल्टपर्यंत चढायला मायक्रोसेकंदाचा दहावा भागही पुरतो. म्हणजे चढण्याचा वेग मायक्रोसेकंदाला पाच हजार व्होल्टच्याही वर.

आता मोटारीची केबल पाहा. आत तांबं, त्यावर इन्सुलेशन, बाहेर धातूचा ट्रे. मोटारीतही तेच: वाइंडिंग, इन्सुलेशन, बॉडी. दोन धातूंच्या मध्ये इन्सुलेशन आलं की कपॅसिटर तयार झालाच, कुणी बसवलेला नसला तरी. तो फक्त १ नॅनोफॅरडचा धरला, तरी व्होल्टेजच्या त्या प्रत्येक चढावाला त्यातून ५ अँपिअरचा झटका जातो. क्षणभराचाच, पण सेकंदाला हजारो वेळा.

हा करंट जमिनीत मुरून जात नाही. तो जिथून निघाला, त्या ड्राइव्हकडे त्याला परतावंच लागतं. परतीची सोपी वाट आपण करून दिली, तर तो तिनं मुकाट्यानं जातो. नाही दिली, तर यंत्राची चौकट, सेन्सरच्या केबलची शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी), २४ व्होल्टची कॉमन तार, जे सापडेल त्यातून तो वाट काढतो. नॉइज कमी करण्याचं बहुतेक काम म्हणजे ही परतीची वाट बांधणं.

[दृश्य: केबलचं सोललेलं टोक. शील्डची जाळी पिळणारी बोटं.]

हे टोक नीट पाहा. शील्डची जाळी उलगडली, पिळून तिची शेपटी केली, लग दाबला आणि अर्थ बारवर स्क्रूनं कसली. दिसायला नीटनेटकं काम. मल्टिमीटर लावला तर शून्य ओहम दाखवेल. पण मल्टिमीटर मोजतो डीसीवर, आणि आपला नॉइज असतो मेगाहर्ट्झमध्ये. दहा सेंटीमीटरच्या या शेपटीचा इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री भरतो. १० मेगाहर्ट्झला त्याचे झाले सहा ओहमच्या वर. अँपिअरभर करंट गेला, तरी शेपटीच्या दोन टोकांत सहा व्होल्टचा फरक पडतो. कितीतरी एन्कोडरचा सिग्नलच मुळात ५ व्होल्टचा!

म्हणून शेपटी नको. जाळी उघडी करून तिच्याभोवती सगळ्या बाजूंनी धातूचा क्लॅम्प आवळायचा, किंवा धातूची ईएमसी ग्लँड, म्हणजे शील्डला चहूबाजूंनी धरणारं केबलचं तोंड, वापरायची. मोटारीच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना अशीच बांधायची, ड्राइव्हकडे आणि मोटारीकडे. एकच सुधारणा करायला वेळ असेल, तर ही करा.

क्लॅम्प कशावर बसवला, हेही तितकंच महत्त्वाचं. रंग दिलेल्या पत्र्यावर बसवलेला क्लॅम्प नुसता शोभेचा. रंग खरवडून उघड्या धातूवर बसवा. पॅनेलची आतली प्लेट गॅल्व्हनाइज्ड असेल तर उत्तम. दारासाठी आणि यंत्राच्या चौकटीसाठी लांब गोल तारेपेक्षा आखूड, चपटी, विणलेली पट्टी घ्या. लांबी रुंदीच्या पाचपटीच्या आत राहू द्या.

इथं एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. नॉइज घालवण्यासाठी अर्थ सोडून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती जीवघेणी आहे. हिरवी-पिवळी तार माणसाच्या जिवासाठी असते, ती कुठल्याही कारणानं सोडायची नाही. आणि पुरवठा बंद केल्यावर ड्राइव्हला लगेच हात लावायचा नाही. आतले कपॅसिटर भरलेले असतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबायचं, मग मीटरनं मोजून खात्री करायची आणि मगच उघडायचं.

[दृश्य: केबल ट्रे, वरून.]

आता तारांचे मार्ग. मोटारीची केबल आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी लांबवर नेल्या, की पुढचे सगळे उपाय निम्मे वाया. दोघींत तीसेक सेंटीमीटर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच झालं तर काटकोनात. सिग्नलची जोडी पिळलेली हवी. एन्कोडर डिफरन्शियल घ्या: एका तारेवर सिग्नल, दुसरीवर त्याचा उलटा. नॉइज दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. दाब किंवा तापमानाच्या सेन्सरला ० ते १० व्होल्टऐवजी ४ ते २० मिलिअँपिअर निवडता आलं, तर जरूर निवडा.

सिग्नलची शील्ड एका टोकाला बांधायची की दोन्ही, यावर वाद चालूच असतो. कमी वारंवारतेच्या अ‍ॅनालॉग सिग्नलला एक टोक चालतं, कारण तिथं अर्थ लूपचा, म्हणजे दोन टोकांच्या अर्थमधल्या फरकामुळे शील्डमधून फिरणाऱ्या करंटचा, त्रास मोठा. ड्राइव्हच्या मेगाहर्ट्झी नॉइजपुढे मात्र एक टोक अपुरं पडतं. चौकटी एकमेकींना नीट जोडलेल्या असतील, तर एन्कोडर केबलला दोन्ही टोकं बांधावीत, असं माझं मत आहे.

ड्राइव्हच्या नादात एक चोर सुटतो: कॉइल. कॉन्टॅक्टर, रिले, सोलेनॉइड आणि विशेषतः मोटारीचा ब्रेक. २४ व्होल्टची कॉइल उघडताना तिच्यातली साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका देते. डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉइलवर आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), तेही कॉइलच्या अगदी टर्मिनलवर. ब्रेकच्या बाबतीत थोडा विचार करा. डायोडमुळे कॉइल सावकाश सुटते, म्हणजे ब्रेक उशिरा लागतो. उभ्या अक्षावर तेवढ्या वेळात वजन खाली घसरू शकतं. तिथं व्हॅरिस्टर बरा, त्यानं कॉइल लवकर सुटते.

ड्राइव्हच्या पुरवठ्यावरचा नॉइज फिल्टर ड्राइव्हच्या जवळ, उघड्या धातूवर. त्यात येणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या तारा एकत्र बांधल्या, तर नॉइज फिल्टरला वळसा घालून पलीकडे उडी मारतो. मोटारीच्या तिन्ही फेज फेराइट रिंगमधून, म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या कडीतून, एकत्र घाला, अर्थ आणि शील्ड बाहेर ठेवा. कॅरियर फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा तोडणं-जोडणं होतं ती संख्या, खाली आणली की झटक्यांची संख्या घटते. मोटारीचा आवाज मात्र वाढतो.

पीएलसीच्या इनपुटला सॉफ्टवेअर फिल्टर लावून प्रश्न मिटवण्याचा मोह होतो. लिमिट स्विचला काही मिलिसेकंदांचा फिल्टर चालेल, तो असावाही. एन्कोडरच्या वेगवान पल्सना तो चालत नाही, आणि नॉइज तर तारेत तसाच फिरत राहतो.

[दृश्य: ऑसिलोस्कोप. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावलेलं.]

काम झाल्यावर ऑसिलोस्कोपवर सिग्नल मोजून पाहा, पण आधी त्याचा प्रोब, म्हणजे मोजणीची तारच, तपासा. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा आणि मोटार चालू करा. तरीही पडद्यावर जे दिसेल, ते प्रोबच्या लांब ग्राउंड तारेनं हवेतून उचललेलं आहे. ते धरून निष्कर्ष काढू नका.

आकडा स्थिर झाला, तरी मोटारीकडे एकदा कान द्या. हाच करंट शाफ्टमधून बेअरिंगमार्गेही परततो. गोळ्या आणि रेस (त्या जिच्यावर फिरतात ती कडी) यांच्यामधली तेलाची पातळ फिल्म भेदून ठिणगी पडते, बारीक खड्डे होतात आणि कालांतरानं रेसवर पन्हाळी पत्र्यासारख्या समांतर रेषा उमटतात. बेअरिंग गुरगुरू लागतं. नवं बेअरिंग टाकलं तरी तेही त्याच वाटेनं जातं. शील्ड नीट बांधल्यावरही हे होत असेल, तर ड्राइव्हच्या आउटपुटला फिल्टर, शाफ्टला अर्थिंग ब्रश, आणि मोठ्या मोटारीत लोडच्या विरुद्ध बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, हे उपाय त्या बेअरिंगसोबतच करून घ्या.