चपलेचा बेडूक

(माहितीपटाचं निवेदन)

दृश्य : पहाट. हत्तरसंग कुडलचा संगम. पाण्यावर वाफ.

एकीकडून सीना येते, एकीकडून भीमा. भीमेपलीकडचा काठ कर्नाटकाचा. मागे संगमेश्वराचं देऊळ. या देवळात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. तो बघायला लांबलांबून माणसं येतात, फोटो काढतात, बहुमुखी शिवलिंगाला हात जोडतात आणि जेवायच्या वेळेला सोलापूर गाठतात.

मामा देवळाकडे पाठ करून मासे धरायला बसलेत.

सोलापूरच्या पूर्व भागातून, तेलुगू विणकरांच्या वस्तीतून, ते अंधारातच स्कूटरवर निघाले. डिकीत दोन डबे. एका डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दुसऱ्याचं झाकण उघडलं तेव्हा आमचा कॅमेरामन दोन पावलं मागे सरकला. चित्र इथे थोडं हललेलं दिसेल, ते त्यामुळे.

दृश्य : डब्यातला ऐवज, अगदी जवळून.

कोंबडीची आतडी आणि कलेजी. एक दिवस उन्हात ठेवलेली.

मामांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. चादरी, टॉवेल. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, नदीवर कामापुरतं कन्नड. आख्खा काठ त्यांना 'मामा' म्हणतो. नातू तेवढा 'ताता' म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला नदीतल्या दोन शिकारी माशांबद्दल सांगून टाकलं, "मरळ डोळ्यानं खाती, शिवडा मिशीनं खातो. एवढं कळलं की झालं. बाकी सगळं बसणं."

हे बसणं कॅमेऱ्यात धरणं अवघड. म्हणून आम्ही बाकीचं धरलं.

दृश्य : हात. कलेजीभोवती दोरा गुंडाळला जातोय.

शिवड्यापासून सुरुवात करू. अंगावर खवला नाही, तोंड कानापर्यंत फाटलेलं, आणि मिशांच्या दोन जोड्या. वरची जोडी चांगलीच लांब. या जातीच्या माशांची चव जिभेपुरती नसते. मिशांवर असते, कातडीवरही असते. गढूळ पाण्यात, काळोख्या रात्री त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. वास आला की तो वासाच्या रेषेनं वर चढत येतो.

म्हणून आमिष वास सोडणारं हवं आणि गळावर टिकणारंही हवं. कलेजी मऊ. फेकताना झटका बसला की ती एकीकडे आणि गळ दुसरीकडे. मामा तिला मागावरच्या उरलेल्या सुतानं बांधतात. आठ-दहा वेढे, मग एक गाठ. गाठ नीट बघा. मागावर धागा तुटला की विणकर जी गाठ मारतो, तीच ही. जाळं विणणारेही हीच मारतात. मामांच्या बोटांना त्यासाठी डोळे लागत नाहीत. गाठ मारताना ते आमच्याशी बोलत होते आणि नजर पाण्यावर होती.

गळाच्या वर वीतभर तार. सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक पिळी उसवून काढलेली. नुसतं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, असेल तर शिवड्याचे दात ते घासून तोडतात. मग शिसं, मग काठी जमिनीत रोवलेली, आणि काठीच्या शेंड्याला घुंगरू. रात्री मासा लागला की घुंगरू वाजतं. हा आवाज खरा आहे, नंतर भरलेला नाही.

दृश्य : अंधार. फक्त आवाज.

दृश्य : सकाळ. पाट्यावर पेंड फुटतेय.

आता पेंड. आम्हाला वाटलं होतं, पेंड आणि कणीक म्हणजे रोहू-मृगळवाल्यांची गोष्ट. मांसखाऊ माशाला तिचं काय? मामा हसले. "मोठा मासा पेंड खात नाही. पेंड खाणाऱ्याला खातो."

शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवायची. सकाळी ती हातानं कुस्करून त्यात भाताचा कोंडा आणि काठावरचीच काळी माती घालायची. मातीनं गोळा जड होतो, तळाला जातो आणि हळूहळू विरघळतो. कोंडा वर येतो. वर आलेल्या कोंड्यावर चिल्लीपिल्ली मासळी तुटून पडते, पाणी उकळल्यासारखं दिसतं. काही गोळे फाटक्या मोज्यात भरून, दगड बांधून सोडायचे, म्हणजे एकदम संपत नाहीत. तास-दीड तास असा दरबार भरवायचा. मग त्या गर्दीच्या कडेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला गळ टाकायचा. गर्दीत टाकायचा नाही. बाजारात पाकीटमार उभा राहतो तसा मोठा मासा कडेलाच उभा असतो.

गोळा किती मोठा, हे पाण्यावर ठरतं. पाणी संथ असेल तर लिंबाएवढा. उजनी धरणातून पाण्याची पाळी सुटली, शहराच्या पिण्याचं पाणी नदीतून निघालं, की प्रवाहाला जोर येतो, रंग चहासारखा होतो आणि गोळा नारळाएवढा करावा लागतो. त्या दिवसांत मरळीचं नाव काढायचं नाही. तिला दिसतच नाही. नळाला पाणी कधी येणार याची शहर वाट बघतं. मामा ते पाणी ओसरायची वाट बघतात.

दृश्य : नातवाचा मोबाईल. पडद्यावर परदेशी नदी, थंडीचे कपडे घातलेला माणूस.

नातू या धंद्यात मोबाईलवरून शिरला. तो बघतो पाईक. युरोपातल्या नद्यांमधला शिकारी मासा. चपट्या बदकाच्या चोचीसारखं तोंड, पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ. पाणवनस्पतीत काठीसारखा निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की बाणासारखा सुटतो. त्याच्यासाठी तिकडे चकाकणारे पत्र्याचे चमचे ओढतात, नाहीतर समुद्रातला तेलकट मासा गळाला लावून तळाशी ठेवून देतात. बांगडा, तारली यांचे तिकडचे भाऊबंद. तेलाचा वास पाण्यात लांबवर जातो. आणि गळाच्या वर तार हवीच, कारण दात. तार बघितल्यावर मामांनी मान डोलावली, जणू कुणीतरी त्यांची परीक्षा घेऊन पास केलं.

मग नातवानं सोलापूरच्या बाजारातून बर्फातला बांगडा आणला आणि भीमेत टाकला. दोन तासांनी काटा वर आला. मांस खेकड्यांनी नेलं होतं. यावर आजोबा-नातवाचं तेलुगूत जे बोलणं झालं, ते आम्ही भाषांतर न करता ठेवलंय.

चमच्याची कल्पना मात्र लागू पडली. घरातला जुना स्टीलचा चमचा. दांडा कापला, दोन्ही टोकांना भोक पाडलं, किल्लीच्या जुडग्यातली कडी घातली, खाली तीन टोकांचा गळ. पाण्यातून ओढला की तो डुगडुगतो, ऊन पकडतो आणि सोडतो. जखमी मासोळी लवंडते, सावरते, परत लवंडते, तसा. आणि नुसतं दिसणं नाही. त्या डुगडुगीनं पाण्यात जी थरथर उठते, ती माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंच्या रेषेतून कळते.

आजीनं चमचे मोजले तेव्हा एक कमी भरला. तो प्रसंग आम्हाला मिळाला नाही.

दृश्य : पाणवेलीतली मोकळी खिडकी. पाण्यावर बुडबुडा. पुन्हा शांत.

ही मरळ.

ती दिसली नाही. तिचा श्वास दिसला. मरळ पाण्यात राहते, पण तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. मामा बुडबुड्याची जागा बघून ठेवतात. पूर्व भागात हिला कोर्रमीनू म्हणतात, आणि तेलंगणानं तर हिला राज्यमासा केलंय. आपल्याकडे २०२३ साली तो मान पापलेटला मिळाला. समुद्र जिंकला. मामांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "पापलेट गळाला भांडतं का?"

मरळीचं जुनं आमिष म्हणजे जिवंत बेडूक. मांडीच्या कातडीतून गळ ओवायचा आणि पाण्यावर नाचवायचा. मामांनीही वर्षानुवर्षं तेच केलं. १९८७ साली देशातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली, तशी गळवाल्यांनाही कधीतरी अक्कल यायला हवी होती. आयर्लंडमध्ये पाईकसाठीसुद्धा जिवंत मासा गळाला लावायला बंदी आहे. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा गळाला लावलेला बेडूक त्यांच्याकडे बघत राहिला, एवढंच ते सांगतात. आणि मग त्यांनी हवाई चप्पल कापली.

दृश्य : निळा पट्टा, पांढरा तळवा, कानस, ब्लेड.

हे आम्ही सलग चित्रित केलंय. घाई करू नका.

तळव्याचा अंगठ्याएवढा तुकडा. झिजलेल्या टाचेकडचा नको. तो दबलेला असतो, नीट तरंगत नाही. बोटांच्या मधला घ्यायचा. पुढून निमुळता, मागून गोल, पोट सपाट. कानशीनं घासून कडा मोडायच्या. पोटात चीर, चिरेत गळ. गळाचं टोक वर, पाठीला चिकटून, म्हणजे पाणवेलीत अडकत नाही. मरळीनं तोंड मिटलं की रबर दबतं आणि टोक उघडं पडतं. मागच्या बाजूला शिशाचा तांदळाएवढा कण, म्हणजे बेडूक शेपटाकडून जरा बुडून बसतो, खऱ्यासारखा.

आणि पाय. पाय चादरीच्या दशांचे. सोलापुरी चादरीच्या टोकाला लोंबतात त्या. दोन लाल, दोन हिरव्या. ओल्या झाल्या की फुलतात, ओढलं की मिटतात, थांबलं की पुन्हा फुलतात.

"रंग कुठलाबी चालतो," मामा म्हणतात, "थांबणं जमलं पाहिजे." टुप, टुप. थांब. टुप. थांब. नवखा माणूस ओढतच राहतो. मरळ घाव घालते ती बेडूक थांबलेला असताना. आणि तिनं तोंड घातल्याबरोबर काठी उचलायची नाही. फट् असा आवाज होतो, हात आपोआप वर जातो, आणि बेडूक हवेत. मामा आधी दोरी जाऊ देतात, मनात पाचपर्यंत मोजतात, मगच हिसका. तेलुगूत मोजतात, ते जरा लांबतं.

दृश्य : मृगाचा पाऊस पडून गेलेला. काठाजवळ पाण्यात नारिंगी ठिपक्यांचा चेंडू.

हा चेंडू म्हणजे पिल्लं. शेकड्यांनी, एकाला एक लागून. चेंडू वर येतो, श्वास घेतो, खाली जातो. त्याच्याखाली सावली दिसते ना, ते आईबाप. या दिवसांत मरळीला भुकेची गरज नसते. पिल्लांजवळ काहीही आलं तरी ती तोंड मारते. चमचा, चप्पल, काडी, काहीही. गळवाल्यासाठी याहून सोपी मरळ नाही. मामांनी इथे दोरी गुंडाळली आणि बिडी पेटवली.

बिडी संपेपर्यंत कॅमेरा चालू होता.

खाली नदीत वडाप नावाची बारीक जाळी आहेत, वाळू उपसलेले खड्डे आहेत, आणि उजनीपासून खाली चिलापीच चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया.

दृश्य : संध्याकाळ. पाणवेलीची तीच खिडकी.

काठावरून शेळ्या घेऊन चाललेल्या माणसानं विचारलं, "मामा, घावतंय का काय?"

"बसलोय की."

टुप, टुप. थांब. टुप. थांब.

फट्.

नातू ओरडला, "ताता!" दोरी गेली. मामांचे ओठ हलताना दिसतात. एक, दोन, तीन. चारला काठी वर गेली.

दोरी रिकामी आली. चपलेच्या बेडकाच्या पाठीवर दातांच्या दोन ओळी, मागचा एक पाय गायब. मामांनी तो उलटा करून उजेडात धरला, पाणी झटकलं, आणि खिशातून लाल दशी काढली.