शेवटच्या पानाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आज अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकबद्दल बोलायचं आहे. खरं तर त्याच्या पुस्तकांपेक्षा, ती पुस्तकं ज्यांच्या हाती पडली त्या नाटकवाल्यांबद्दल आणि सिनेमावाल्यांबद्दल.

आधी आमच्या एका मोडलेल्या तालमीची गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जणांनी त्याच्या 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीतला एक प्रवेश मराठीत बसवायला घेतला होता. जॉर्ज आणि अंगानं दांडगा पण भोळा लेनी, हे दोन भटके मजूर मित्र कॅलिफोर्नियातल्या एका शेतावर कामाला येतात. तिथली मजुरांची झोपायची खोली. कँडी नावाचा म्हातारा, एक हात यंत्रात गेलेला. त्याचा कुत्राही तितकाच म्हातारा, दात पडलेला, वास मारणारा. कार्लसन नावाचा मजूर मागे लागतो की याला गोळी घालू, त्याला कळणारसुद्धा नाही. कँडी टाळाटाळ करतो, आशेने एकेकाच्या तोंडाकडे बघतो आणि शेवटी हरतो. कार्लसन कुत्र्याच्या गळ्यात चामड्याची वादी अडकवून त्याला अंधारात घेऊन जातो.

आणि मग काहीच घडत नाही. कँडी आढ्याकडे बघत पडलेला. जॉर्ज पत्ते पिसतो. कुणीतरी काहीतरी बोलायला जातं, ते बोलणं तिथंच विझतं. जमिनीखाली काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो. उंदीर असेल, असं म्हणून होतं आणि पुन्हा सगळे गप्प. प्रत्येकाचे कान बाहेर, त्या एका आवाजाकडे. आम्ही ती शांतता लांबवली. आमचा प्रॉम्प्टर मोठा कर्तव्यदक्ष! त्याला वाटलं, कँडी वाक्य विसरला. त्यानं विंगेतून पुढचं वाक्य दिलं. परत दिलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं दिलं की पत्ते पिसणाऱ्याला हसू फुटलं आणि तालीम बोंबलली.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. पुस्तकातलं ते पान आम्हाला जवळजवळ जसंच्या तसं उभं करता येत होतं. त्याचं कारण सोपं आहे, स्टाइनबेकनं ते तसंच लिहिलं होतं. वाचताना कादंबरी आणि पानावरून थेट रंगमंचावर नेता येईल असं नाटक, दोन्ही एकाच संहितेत करता येतं का, हा त्याचा प्रयोग होता. सहा प्रकरणं. प्रत्येकाच्या सुरुवातीला जागा आणि उजेड, मग पात्रांचा प्रवेश. नदीकाठ, मजुरांची खोली, घोड्यांची देखभाल करणाऱ्या क्रूक्सची खोली, गवताचं कोठार आणि शेवटी पुन्हा तोच नदीकाठ. कुणाच्या मनात काय चाललंय हे लेखक जवळपास सांगतच नाही. नेपथ्यकाराला आयतं ताट! (या पुस्तकाच्या हस्तलिखिताचा निम्मा भाग स्टाइनबेकच्या घरच्या पिल्लानं फाडून खाल्ला होता. कँडीच्या कुत्र्याचा सूड म्हणा हवं तर, फक्त आगाऊ घेतलेला.)

पुस्तक 1937च्या सुरुवातीला आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्ज कॉफमनच्या दिग्दर्शनाखाली न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरात नाटक लागलं. 207 प्रयोग झाले, समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. स्टाइनबेक मात्र तो प्रयोग बघायला कधी गेलाच नाही.

गेला नाही, पण त्यानं एक पत्र लिहिलं आणि मला ते पत्र फार मोलाचं वाटतं. शेतमालकाचा मुलगा कर्ली, त्याच्या बायकोचं काम क्लेअर लूस करत होती. या बाईला पुस्तकात नावच नाही, ती फक्त कर्लीची बायको. दारात उभी राहते, नवऱ्याला शोधतेय असं सांगते आणि पुरुष तिला टाळतात. वाचकाचं तेवढ्यावर भागतं. पण नटीला रोज संध्याकाळी त्या दारात उभं राहायचं असतं, तिला हे माहीत असावं लागतं की ही आली कुठून. स्टाइनबेकनं लूसला कळवलं की ही मुलगी भांडणं आणि संशय यांच्यात वाढली, विश्वास कुणावरच टाकायचा नाही हे लवकर शिकली, आणि तिच्याकडे माणूस म्हणून कुठल्याही पुरुषानं कधी बघितलं नाही. कादंबरीत नसलेली बाई अशी पत्रात सापडते, कारण रंगमंचाला तिची गरज पडली.

आता 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'. इथं आयतं ताट वगैरे काही नाही. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमीन गमावून जुन्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाला निघतं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पण तीस प्रकरणांपैकी सोळा प्रकरणांत जोड कुटुंब नाहीच. तिथं धूळ आहे, जुन्या मोटारी विकणारे दलाल आहेत, रस्ता ओलांडणारं एक कासव आहे. ती सोळा प्रकरणं काढली तर उरते एका घराची दुर्दैवी हकिगत. ठेवली तर पडद्यावर दाखवणार काय?

पुस्तक आलं एप्रिल 1939मध्ये आणि जानेवारी 1940मध्ये जॉन फोर्डचा सिनेमा थिएटरात होता. हेन्री फोंडा जोडांचा मुलगा टॉम, जेन डार्वेल आई. ग्रेग टोलंडचा कॅमेरा त्या सोळा प्रकरणांमधलं बरंच काही न बोलता सांगून जातो. रिकाम्या घरात मेणबत्तीच्या उजेडात उमटणारे चेहरे आठवा. स्टाइनबेक सिनेमा बघून खूश झाला. पुस्तकापेक्षाही कठोर झालाय, माहितीपटासारखा वाटतो, असं त्यानं लिहून ठेवलंय.

माझं थोडं वेगळं मत आहे. पटकथेनं क्रम फिरवला आहे. पुस्तकात या कुटुंबाला सरकारी छावणीत जरा माणसासारखं जगायला मिळतं आणि तिथून ते पुन्हा खाली घसरत जातं. सिनेमात आधी हाल आणि मग ती स्वच्छ छावणी. प्रसंग साधारण तेच, पण उतार होता तिथं चढ झाला. शेवटी आई ट्रकमध्ये बसून म्हणते की आम्ही संपणार नाही, आम्ही जनता आहोत. हे वाक्य पुस्तकातही आहे, पण अधल्यामधल्या पानांवर. पुस्तकाचा शेवट निराळाच आहे. पूर आलेला, जोडांच्या पोरीचं मूल मेलेलं जन्मलेलं, आणि ती पोर, रोझ ऑफ शॅरन, एका कोठारात उपाशी मरणाऱ्या परक्या माणसाला छातीशी घेऊन आपलं दूध पाजते. 1940च्या हॉलिवूडमध्ये हे दाखवणं शक्यच नव्हतं.

पन्नास वर्षांनी नाटकानं ते दाखवलं. शिकागोच्या स्टेपनवुल्फ या नाट्यसंस्थेसाठी फ्रँक गलाटीनं रूपांतर आणि दिग्दर्शन केलं, 1988मध्ये. 1990मध्ये ते ब्रॉडवेवर आलं आणि सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. मंचावर खरा पाऊस पडायचा, नदीसाठी पाण्याचा हौद होता, ट्रक तर होताच. मधली प्रकरणं निवेदकांनी आणि गाणाऱ्यांनी सांभाळली. आणि शेवटी ते कोठार, तो उपाशी माणूस, ती मुलगी. बाकी सगळी करामत बाजूला ठेवली तरी त्या एका निर्णयासाठी मी गलाटीला मानतो.

'ईस्ट ऑफ ईडन'चं थोडक्यात उरकतो. चार भागांची जाडजूड कादंबरी, एलिया कझाननं 1955च्या सिनेमात साधारण शेवटचाच भाग घेतला. ली नावाचा चिनी नोकर, जो कादंबरीचा मेंदू म्हणावा, तो सरळ गाळला. मरणाच्या दारातला बाप कादंबरीत एकच हिब्रू शब्द पुटपुटतो, 'तिमशेल', म्हणजे पापावर मात करणं तुझ्या हाती आहे. सिनेमातला बाप मुलाला म्हणतो, त्या नर्सला घालव, माझं तूच कर. तत्त्वज्ञान गेलं आणि शुश्रूषा आली. मुलाच्या भूमिकेत जेम्स डीन समोर असताना ते मला खटकलं नाही, हे कबूल करतो.

'लाइफबोट'ची गंमत आणखी वेगळी. हिचकॉकसाठी कथा लिहिली स्टाइनबेकनं. 1944मध्ये सिनेमा बघितल्यावर त्यातल्या एकुलत्या कृष्णवर्णीय माणसाचं चित्रण त्याला इतकं झोंबलं की माझं नाव काढा म्हणाला. नाव काही निघालं नाही, उलट त्याच कथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं!

शेवटी पुन्हा त्या नदीकाठी. गलाटीच्या नाटकात टॉम झाला होता गॅरी सिनीझ. दोनच वर्षांनी, 1992मध्ये, त्यानं 'ऑफ माइस अँड मेन'चा सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला. जॉर्ज तो स्वतः, लेनी जॉन मॅल्कोविच. गोष्टीच्या शेवटी लेनीच्या हातून नकळत कर्लीच्या बायकोचा जीव जातो. जमाव येऊन लेनीला फाडून खाण्याआधी जॉर्ज कार्लसनच्याच पिस्तुलानं त्याला गोळी घालतो, कुत्र्यासारखीच, मागून. कादंबरीत त्याचा हात थरथरतो, तो थांबतो, परत पिस्तूल उचलतो. सिनीझनं ती घालमेल जवळजवळ उडवली. लेनी त्या दोघांच्या स्वतःच्या शेताचं स्वप्न बोलत असतानाच गोळी सुटते, आपण दचकतो. हे मला पटतं. पण त्यानंतर पडद्यावर दोघं मित्र उन्हात शेतातून चालताना दिसतात आणि सिनेमा संपतो. बघणाऱ्याचा गळा दाटून येतो.

कादंबरीत गळा दाटायला वेळच मिळत नाही. स्लिम नावाचा सोबतचा मजूर जॉर्जला धरून वर रस्त्याकडे नेतो. मागं उभा असतो कार्लसन, कुत्र्याला ओढत नेणारा. त्या दोघांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघून तो विचारतो की आता या दोघांना झालंय तरी काय? खरंच विचारतो, त्याला कळलेलंच नसतं. पुस्तक त्या प्रश्नावर संपतं. सिनेमात तो प्रश्न नाही. आमच्या हातात कधी पूर्ण नाटक आलं असतं, तर मी कार्लसनला तिथं उभं केलं असतं, त्याचं वाक्य झाल्यावरही दिवे काही वेळ तसेच ठेवले असते, आणि प्रॉम्प्टरला त्या दिवशी सुट्टी दिली असती.