हा बदल तपासला कुणी?

मित्रहो, गुणवत्तेचा विषय निघाला की आपल्या ऑफिसांमध्ये आयएसओच्या फायली आणि चेकलिस्ट बाहेर येतात. त्या हव्यातच. पण आज मी रॉडवर फिरवून बसवायच्या एका लोखंडी नटाबद्दल बोलणार आहे. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणजे इमारतीची ताकद ठरवणारा इंजिनिअर, आणि फॅब्रिकेटर म्हणजे तिचे पोलादी भाग बनवणारा, या तिघांच्या मध्ये काम कुठं निसटतं, ते त्यातून फार स्पष्ट दिसतं.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत 1980 मध्ये हयात रीजन्सी हॉटेल सुरू झालं. त्याच्या अ‍ॅट्रियममध्ये, म्हणजे अनेक मजले उंच मोकळ्या दालनात, छताला टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या वर. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम रंगला असताना हे दोन्ही पूल कोसळले. 114 माणसं गेली.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच सलग रॉड होता आणि प्रत्येक पूल त्या रॉडवर आपापल्या नटावर टेकलेला. पण चौथ्या मजल्याचा नट बसवायचा तर रॉडला खालून तिथपर्यंत आटे पाडावे लागणार आणि उभारणीत ते खराब होणार. म्हणून फॅब्रिकेटरनं दोन रॉड सुचवले. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली. अडचण खरी होती, सूचना साधी वाटणारी होती. पण आता चौथ्या मजल्याच्या नटावर एकाऐवजी दोन पूल आले. तिथला भार दुप्पट झाला. बीम म्हणजे दोन चॅनेल, म्हणजे एका बाजूनं उघड्या पन्हळीसारख्या पोलादी पट्ट्या, तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेला बॉक्स, आणि रॉडचं भोक नेमकं त्या वेल्डमधून. बीम फाटला आणि नट त्यातून आरपार निघाला.

त्या शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे फॅब्रिकेटरनं भाग बनवण्यासाठी काढलेल्या ड्रॉइंगवर, इंजिनिअरच्या ऑफिसचा शिक्का होता. चौकशीत असंही दिसलं की मूळ जोडसुद्धा नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम 60 टक्के होता. जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटर करेल असं इंजिनिअरनं धरलं, इंजिनिअरनं केलंय असं फॅब्रिकेटरनं धरलं. बदल फोनवर मंजूर झाला, असं एका बाजूचं म्हणणं. असा फोन झालाच नाही, असं दुसऱ्या बाजूचं. पुढं मिसुरी राज्यानं जबाबदार इंजिनिअरांचे परवाने काढून घेतले.

यात गणित अवघड कुठंच नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो भार काढता आला असता. तो काढण्याचं काम कुणाच्या नावावर नव्हतं, आणि ते कुणाच्या तरी नावावर टाकणं हे प्रोजेक्ट मॅनेजरचं काम. म्हणून मला वेळापत्रकाच्या रंगीत पट्ट्यांपेक्षा बदलांची वही मोलाची वाटते. बदल कुणी मागितला, का मागितला, आकडेमोड कुणी केली, कुणी तपासली, ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, आला. आकडेमोड करणारा आणि तपासणारा एकच माणूस असेल, तर ती नोंद अपुरी समजा.

आज साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, ‘सर, असं चालेल का?’ आणि आपण अंगठा पाठवतो. स्लॅब उद्या भरायचाय, मिक्सर सांगून ठेवलाय, आपल्यावर दडपण असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही त्याच दिवशी तो बदल मेलवर आणि वहीत यायलाच हवा, आणि ड्रॉइंगची नवी रिव्हिजन निघेपर्यंत तेवढं काम थांबायला हवं.

राहिला पैशाचा प्रश्न. कॅन्सस सिटीच्या त्याच इमारतीत 1979 मध्ये, बांधकाम चालू असताना, अ‍ॅट्रियमच्या छताचा एक भाग पडला होता. साइटवर पूर्ण वेळ माणूस ठेवू द्या, अशी मागणी आपण केली होती आणि ती खर्चापायी नाकारली गेली, असं इंजिनिअरांनी पुढं सांगितलं. आपल्याकडे फी घासाघीस करून खाली आली की पहिली कात्री तपासणीच्या तासांवरच चालते. प्रस्तावात ते तास वेगळ्या ओळीत लिहा. क्लायंटला ती ओळ खोडायची असेल तर त्यानं ती लेखी खोडावी, आणि मग ते काम घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.